शेवटच्या थांब्यावर कुणी चढत नाही

दि. २ एप्रिल

चि. टिंगूस,

ताईचे अ. उ. आ. आज ते दात-ओठ खाऊन देते आहे, तरी आशीर्वादच आहेत, घे.

आज बुधवार. सकाळी आमची मंडळी चौदा नंबरच्या थांब्यावर जमली तर खांबावर एक कागद डकवलेला. खळ अजून ओली होती. येत्या एक मेपासून चौदा नंबरची बस खाणीच्या फाट्यावरूनच परत फिरेल. फाटा ते तळं हा शेवटचा टप्पा प्रवासी नसल्यामुळे बंद करण्यात येत आहे. खाली वेळापत्रक विभागप्रमुखांची सही. शिवणकामवाल्या बाईंनी तो कागद माझ्या कानाशी मोठ्याने वाचला आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. विभागप्रमुख कोण, हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. मीच सांगत सुटले होते ना, माझा धाकटा भाऊ बसच्या कचेरीत साहेब झाला म्हणून! साहेबांनी पहिली कुऱ्हाड घातली ती बहिणीच्याच पायावर.

फोन का केला नाही म्हणशील. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात कपडे पिळायच्या यंत्राशेजारी उभी राहिले. कानात जे काही उरलंय, त्याला फोनवर भाऊ बोलतोय की नळ गळतोय ते कळत नाही. शिवाय फोनवर तू बघतो म्हणतोस आणि विसरतोस. कागद विसरता येत नाही.

तू तळ्यावर एकदाच आला आहेस, तेही स्वतःच्या गाडीतून, आणि गाडीतळावर उभं राहून फोटो काढून परत गेलास. म्हणून सांगते. बसच्या शेवटच्या थांब्यापासून तळ्याकाठाने अकरा किलोमीटरची पायवाट आहे. पंपघराच्या मागून निघते, पाणकणसांतून फळ्यांवरून जाते, मग कातळाच्या खांद्यावर चढते. तिथे पोचलं की सगळं तळं एकदम पायाखाली पसरतं आणि माणूस आपोआप गप्प होतो. मीसुद्धा! नऊ वर्षं दर बुधवारी आणि रविवारी आम्ही ही वाट चालतो आहोत. घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी प्रत्येक टप्प्याची मिनिटं टिपून ठेवली आहेत. बेकरीवाला आहे. धुलाईघरातल्या माझ्या सातजणी आहेत. इस्पितळाला रविवार नसतो, त्यांना बुधवारच मिळतो. आमच्यात एकाकडेही गाडी नाही. फाट्यापासून तळं साडेतीन किलोमीटर, रस्त्याला कड नाही, आणि खाणीचे ट्रक अंगाला घासून जातात. म्हणजे तुझ्या त्या कागदाचा सरळ अर्थ असा की ज्याच्याकडे गाडी त्याचं तळं, आणि बाकीच्यांनी घरी बसून नळाचं पाणी बघावं.

आणि प्रवासी नसल्यामुळे म्हणे! मग दर आठवड्याला जी उतरते ती मी कोण रे, बसमधलं सामान?

तो कागद तू काढून घेशील, नाहीतर मी काढायला लावीन. सौ.ला आणि घारूला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आटलेला नाही, पण पाणी खाली गेलंय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

*

दि. ६ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सौ.ने आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवताना एवढंच म्हणाली की चहा घेऊन मग वाचा. तिला आपल्या घराण्याची चांगली पारख झाली आहे.

ताई, तू समजतेस तसं मी वहीत डोळे मिटून रेघ मारली नाही. आमच्याकडे मोजणी होते. शेवटच्या थांब्यावर मोजणीचा कारकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा राहतो आणि परतीच्या गाडीत किती माणसं चढली ते तक्त्यात लिहितो. वर्षभरात तीनदा माणूस पाठवला. पहिल्यांदा शून्य. दुसऱ्यांदा एक, आणि त्याचाही पाय मुरगळला होता असं शेऱ्यात लिहिलंय. तिसऱ्यांदा पुन्हा शून्य. असा थांबा कोण चालू ठेवील? तुझी मंडळी जातात म्हणतेस, मग परत कशी येत नाहीत? तळ्यातच राहतात की काय सगळी?

चेष्टा सोड. २९ तारखेला कचेरीत सुनावणी आहे, हरकती लेखी किंवा तोंडी घेतल्या जातील. मोठे साहेब स्वतः बसणार आहेत. तू लेखी पाठव. तोंडी नको, हात जोडतो. तू बोलायला उभी राहिलीस की काय होतं ते मी धुलाईघराच्या संपात पाहिलंय. तेव्हा मी शाळेत होतो आणि आठवडाभर सगळे मला त्या बाईचा भाऊ म्हणत होते.

मी एक विचार केला आहे. घारूला गाडी चालवता येते. दर रविवारी ती तुला घरून घेईल, तळ्यावर सोडेल, संध्याकाळी परत आणेल. तुझी काही गैरसोय होणार नाही. मग तर झालं?

गुडघ्यांना जप. राग कमी झाला की दोन ओळी लिही; तोवर आहे त्या रागासकट तुझा,

टिंगू

*

दि. ९ एप्रिल

चि. टिंगूस,

अ. उ. आ.

आधी गाडीचं. तुझी बहीण तुझ्या गाडीत बसून तळ्यावर जाणार, आणि धुलाईघरातल्या सातजणी, घड्याळवाले काका, शिवणकामवाल्या बाई फाट्यावर उभ्या राहून हात हलवणार? एकीला उचलून आत बसवायचं आणि बाकीच्यांना दार लावायचं, हा डाव मी बावीस वर्षांची असताना धुलाईघराच्या व्यवस्थापकाने टाकला होता. मला पर्यवेक्षक करतो म्हणाला होता. त्याला जे उत्तर दिलं तेच तुला देते, फक्त तू भाऊ आहेस म्हणून त्यातले दोन शब्द गाळते.

आता तुझ्या शून्याचं. ते वाचून मी आधी चिडले आणि मग इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. अरे शहाण्या, शेवटच्या थांब्यावर कुणी चढत नाही, हे अगदी खरं आहे! कसं चढेल? आम्ही तिथे उतरतो आणि चालायला लागतो. अकरा किलोमीटर चालून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीपाशी निघतो. तिथे पाच वाजता धरणावरच्या कामगारांना नेणारी तीन नंबरची बस येते, तिच्यात चढतो आणि घरी येतो. वाट चालायला उतरलेला माणूस उतरल्या जागी परत चढत नसतो. तुझा कारकून दिवसभर पंपघराच्या सावलीत उभा राहून आमच्या पाठी बघत होता, आणि शून्य लिहीत होता!

ह्यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. वाटांची जी छोटी पुस्तिका मी छापून वाटते, तिच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं आहे की आल्या वाटेने परतू नये. कारण कातळाखालचा उतार सगळा मुरमाड आहे. तो हातापायांवर चढता येतो, पण उतरायला गेलं तर माणूस बसूनच खाली येतो, तेही स्वतःच्या मर्जीने नव्हे. उलट्या बाजूने सुरुवात करावी तर धरणाकडून हाच उतार पुढ्यात येतो. नवा माणूस आला की मी हा नियम त्याच्याकडून पाठ करून घेते. थोडक्यात, नऊ वर्षं मी स्वतःच्या तोंडाने लोकांना सांगत आले की शेवटच्या थांब्यावर चढू नका, आणि त्यांनी ऐकलं. लोकांनी माझं ऐकावं, ते नेमकं ह्याच बाबतीत ऐकावं!

तेव्हा उतरणारे मोज. एवढं साधं आहे. आणि सुनावणीला मी येते आहे, तोंडी. हात जोडलेस ते बरं केलंस; जोडलेले हात वर करायला सोपे असतात.

तुझ्या आकड्यांपेक्षा जास्त लोभ बाळगून असलेली,
ताई

*

दि. १४ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मान्य करतो की माझी मान खाली गेली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमचा तक्ता शहरातल्या रस्त्यांसाठी बनला आहे. तिथे जो जातो तो त्याच रस्त्याने येतो, म्हणून एका बाजूने मोजलं की भागतं. तीस वर्षांत कुणी विचारलंच नाही की माणूस एका थांब्यावर उतरून, डोंगर चढून, दुसऱ्याच गाडीने घरी गेला तर काय.

पण ताई, मान्य करणं वेगळं आणि कागद बदलणं वेगळं. मी मोठ्या साहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले की तक्त्यात उतरणाऱ्यांचा रकाना नाही, आणि विभागप्रमुखाच्या बहिणीच्या पत्रावरून नवा रकाना निघत नाही. शेवटी एवढंच कबूल केलं की सुनावणीआधी एक मोजणी पुन्हा होईल. रविवारी, २७ तारखेला.

आता मी जे लिहितो ते वाचून हे पत्र फाडून टाक. त्या एका रविवारी तुम्ही सगळे फळ्यांपर्यंत जा, पाण्याकाठी बसा, डबे खा, आणि परत शेवटच्या थांब्यावर येऊन चौदा नंबरमध्ये चढा. कातळ चढूच नका, म्हणजे उतरायचा प्रश्न नाही. कारकून तीस-चाळीस आकडा लिहील, साहेबांच्या तोंडाला कुलूप, आणि पुढच्या रविवारपासून तुम्ही तुमच्या वाटेला मोकळे. ह्यात खोटं काही नाही. तुम्ही प्रवासी आहातच, फक्त एक दिवस तक्त्याला दिसेल असं चालायचं.

मी माझी खुर्ची धोक्यात घालून हे सुचवतो आहे, एवढं तरी लक्षात घे. उत्तर लवकर पाठव. तुझ्या अक्षराची वाट बघणारा,

टिंगू

*

दि. १८ एप्रिल

चि. टिंगूस,

अ. उ. आ.

पत्र फाडलं नाही. उलट बुधवारी कातळावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. लपवाछपवी करायची असेल तर मला लिहीत जाऊ नकोस.

ऐक काय झालं. घड्याळवाले काका लगेच म्हणाले की भाऊ शहाणा आहे, एक दिवस अर्ध्यातून परतलो म्हणून पाय झिजत नाहीत. बेकरीवाला म्हणाला, बस राहणं महत्त्वाचं, तत्त्वाची पोळी करून कुणी खात नाही. खोटं कशाला बोलू, निम्म्याहून जास्त माना त्या बाजूने हलत होत्या. मी बोलले, म्हणजे ओरडले असं तेच म्हणतात, मला वाटलं मी हळूच सांगते आहे. मी म्हटलं, आज तक्त्याला दिसावं म्हणून अर्ध्यातून परतायचं. उद्या तक्त्याला आणखी काही हवं असेल. परवा तक्ता म्हणेल तळ्याला पाठ करून उभे राहा. माणसांनी तक्त्यासाठी चालायचं की तक्त्याने माणसांसाठी? आम्ही चोरून जातो आहोत का तळ्यावर? तिकीट घेतो, बसतो, उतरतो, आणि ज्या वाटेने जायचं त्या वाटेने जातो. ह्यात लाज वाटावी असं काही असेल तर ते मोजणाऱ्याचं आहे, चालणाऱ्याचं नाही.

तरीही माना हलत होत्याच. मग शिवणकामवाल्या बाई, ज्या नऊ वर्षांत चार वाक्यं बोलल्या असतील, त्या म्हणाल्या की माप चुकलं तर मी टेप तपासते, गिऱ्हाईक कापत नाही. झालं. हात वर केले तर चौदा विरुद्ध नऊ. बेकरीवाला हरला, पण पाव त्यानेच वाटले.

तेव्हा २७ तारखेला आम्ही पूर्ण वाट चालणार आणि धरणावर निघणार. तुझा कारकून शून्य लिहील. लिहू दे. आणि भाऊ, माझं एक आव्हान आहे. कचेरीत बसून वाटेबद्दल मत देऊ नकोस. एकदा ये, गाडीने नाही, चौदा नंबरने. शेवटच्या थांब्यावर उतर आणि चाल. मग वाटलं तर परत त्याच थांब्यावर येऊन चढून दाखव. तुझ्या तक्त्याप्रमाणे माणसं असंच करतात ना?

लोभ आहेच; तो फळ्यांवर ठेवलेला नाही, कातळावर ठेवला आहे. येऊन घेऊन जा.

ताई

*

दि. २४ एप्रिल

ती. आत्यास,

घारूचा सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, त्यामुळे तूही ते आल्याचं त्यांना सांगू नकोस. तू बोलशील हे मला माहीत आहे, पण निदान एक आठवडा थांब.

मंगळवारी बाबांनी रजा टाकली. आईला म्हणाले एका जागेची पाहणी आहे. कचेरीचे काळे बूट, इस्त्रीची पँट, काखेत फाईल. गाडीची किल्ली खुंटीवरच होती म्हणून मला शंका आली. रात्री जेवायच्या वेळेला परत आले ते भिंतीला धरून. दोन्ही टाचांना एवढाले फोड. पाय बादलीत बुडवून बसले आणि पाहणी कशी झाली विचारलं तर म्हणाले सविस्तर झाली. पँट मागून फाटली होती. आईला सांगितलं की कचेरीतल्या खुर्चीला खिळा आहे. आईने शिवायला घेतली तर शिवणीतून मुरूम निघाला. आई म्हणाली खुर्ची फार मोठी दिसते, तिच्यावर टेकडी आहे.

मग त्यांनी मला एकटीला सांगितलं. ते कातळावर चढले, वर बसले, अर्धा तास काही केलं नाही. मग तुझं आव्हान आठवून त्याच वाटेने परत उतरायला गेले. पहिली तीन पावलं चालले. उरलेलं तू समजून घे. खाली पोचल्यावर, आत्या, ते पुन्हा वर चढले! आणि पुढची सगळी वाट चालून धरणावर गेले. तीन नंबरमध्ये कामगारांनी त्यांना बसायला जागा दिली, आणि मागून फाटलेली पँट दिसू नये म्हणून ते धरणापासून घरापर्यंत उठलेच नाहीत, दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या तरी. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं आहे.

काल रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझी मोजपट्टी मागितली. मोजणीच्या कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा घरी आणला होता. प्रत्येक तक्त्यावर चढले ह्या रकान्याशेजारी लाल पेन्सिलने एक रेघ मारली आणि वर लिहिलं, उतरले. एकशेवीस तक्ते. मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, नको, विचारलं तर हात माझाच असायला हवा.

ते तुला गाडीने सोडायचं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मलाच बसने यायचं आहे. पुढच्या रविवारी येऊ का? माझ्यावरची माया अशीच ओरडून दाखवत राहा.

तुझी,
घारू

*

दि. ३० एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

काल सुनावणी संपल्यावर तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि मंडळींना घेऊन निघून गेलीस. साहेब काय म्हणाले ते तुला ऐकू आलं नव्हतं, आणि मी लिहून कळवतो म्हणालो होतो. ते लिहितो.

आधी तुझ्याबद्दल. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. तू अकरा मिनिटं बोललीस. कारकुनाने चारदा घंटा वाजवली. तुला ती ऐकू येत नव्हती असं मी साहेबांना सांगितलं, आणि ते खरंच आहे असं मी समजतो, पण चौथ्या घंटेला तू तिच्याकडे बघून हसलीस असं मला वाटलं. ते असो. गाडीतळ एवढा मोठा बांधला आहे, लोक गाड्यांनी येतातच की, असं साहेबांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं. त्यावर तू जे बोललीस त्यानंतर कुणी गाडीतळाचं नाव काढलं नाही. पाण्याला दार नसतं, दार रस्त्याला असतं, आणि रस्त्याचं दार तुम्ही फक्त किल्ली असणाऱ्यांसाठी उघडं ठेवता आहात. हे वाक्य टिपणीत लिहिलं जावं असा मी आग्रह धरला. लिहिलं गेलं आहे.

तू खाली बसल्यावर साहेबांनी रविवारचा तक्ता मागवला. चढले शून्य. उतरले अडतीस. साहेबांनी विचारलं हा दुसरा रकाना कुणी घातला. मी म्हटलं मी घातला. कुणाच्या परवानगीने? मी म्हटलं परवानगीने नाही, आधी जाऊन बघून घातला. ते म्हणाले विभागप्रमुखाची बहीण हरकत घेते आणि विभागप्रमुख तक्ता बदलतो, ह्याला काय म्हणायचं. ताई, मी आयुष्यात साहेबासमोर आवाज चढवलेला नाही. काल मी म्हटलं की ह्याला उशीर म्हणायचं. तीस वर्षांचा. आणि म्हटलं की जो टप्पा बंद करायला मी सही केली, तो मी न बघता बंद केला होता, तेव्हा ती सही मी मागे घेतो. माझा आवाज कापत होता. तुला ऐकू आला नाही, ह्याचं मला अर्धं बरं वाटलं आणि अर्धं वाईट.

निकाल असा: रविवारी चौदा नंबर तळ्यापर्यंत जाईल. इतर दिवशी उद्यापासून फाट्यावरूनच परत. मोजणी रविवारची होती, म्हणून सवलतही रविवारचीच. दुसरी बातमी म्हणजे मी सोमवारपासून हरवलेल्या वस्तूंच्या विभागात. खिडकी नाही, पण छत्र्या पुष्कळ आहेत. मला पश्चात्ताप नाही. सौ.लाही नाही, ती म्हणते घरात शेवटी एकतरी सरळ रेघ मारली गेली.

आता शेवटचं, आणि हे मी भाऊ म्हणून सांगतो. बुधवारी फाट्यावर उतरून तळ्यापर्यंत चालत जायचं तुमच्या मनात असेल, तर ते करू नका. ट्रकवाले बघत नाहीत. मी नवी हरकत लिहितो आहे, महिना-दोन महिने लागतील, तोवर रविवारवर भागवा. अर्ध्या भाकरीवर काही दिवस काढता येतात. ऐक माझं एवढं, आणि ऐकणार नसलीस तरी माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
टिंगू

*

दि. ८ मे

चि. टिंगूस,

अ. उ. आ., ह्या वेळी दोन्ही हातांनी.

तुझा आवाज ऐकू आला नाही, पण तुझे ओठ दिसत होते आणि साहेबांचा चेहरा दिसत होता. त्या दोन्हीत मिळून मला सगळं कळलं. थाप उगाच मारली नव्हती.

पण अर्ध्या भाकरीचं मला सांगू नकोस. अर्धी भाकरी ज्याच्या ताटात पडते तो दोन महिने काढतोही. पण इथे रविवारवाल्यांना अख्खी आणि बुधवारवाल्यांना रिकामं ताट, असा न्याय झाला आहे. बुधवारी तळं आटतं का? धुलाईघरातल्या सातजणींना मी काय सांगू, की बायांनो, तुमचा आठवड्याचा वार चुकला? त्यांचा वार त्यांनी निवडलेला नाही. तेव्हा तुझं ऐकलं नाही. काल बुधवार होता आणि आम्ही गेलो.

एकवीस जण होतो. घड्याळवाले काका आले, हात वर करताना जे माझ्या विरुद्ध होते तेही सगळे आले. घारूही आली. तिला ओरडू नकोस, तिने कॉलेज बुडवलं ते माझ्या नावावर लिही. चौदा नंबरची चालकबाई तुला माहीत असेल, उंच, फटकळ, प्रवाशांना बसा म्हणते ते सुद्धा दटावल्यासारखं. फाट्यावर तिने गाडी थांबवली, दार उघडलं, आणि शेवटचा थांबा म्हणून जाहीर केलं. आम्ही उतरलो. एकामागे एक, रस्त्याच्या डाव्या अंगाने, हातात हात नाही, गाणी नाहीत, घोषणाही नाहीत. फक्त चालायचं, असं ठरलं होतं. मला ते किती जड गेलं ते तू जाणतोस.

दोनशे पावलं गेलो नसू, तोच पहिला ट्रक आला. धूळ अशी की पुढच्याची पाठ दिसेना. शिवणकामवाल्या बाई खडीवर घसरून गुडघ्यावर पडल्या. उठल्या, पदर झटकला, आणि चालायला लागल्या. दुसरा ट्रक मागून आला आणि अंगाला घासून गेला. मला घारूने दंडाला धरून बाजूला ओढलं, तेव्हा कळलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तुझं पत्र आठवलं आणि पहिल्यांदा वाटलं की मी ह्या एकवीस जणांना घेऊन चुकले तर नाही.

पण तिसरा ट्रक आलाच नाही. वळून बघितलं तर आमच्या मागे, रस्ता अडवून, चौदा नंबरची बस. रिकामी. चारी दिवे उघडझाप करत, आमच्या चालीने, बैलगाडीच्या वेगाने येत होती. तिच्या मागे तीन ट्रक, तिघांचेही भोंगे चालू, असं घारू म्हणाली. टप्पा कमी केला पण वेळा तशाच ठेवल्या, म्हणून फाट्यावर आता तिला पन्नास मिनिटांची फुरसत असते. ती तिने आमच्या पाठीशी खर्च केली. आम्ही थांबलो, बसा म्हणेल म्हणून वाट बघितली. तिने दार उघडलं नाही. हातानेच खुणावलं, चाला पुढे.

साडेतीन किलोमीटर ती तशीच आली. तळ्यापाशी जुन्या थांब्याच्या गोलाला तिने सावकाश एक फेरी घातली, ट्रक मोकळे केले, आणि आमच्याजवळ येऊन खिडकीतून डोकं बाहेर काढलं. घड्याळवाल्या काकांनी तिला विचारलं की बाई, फाट्यापुढे गाडी आणायची परवानगी नाही ना, नोकरी जाईल. त्यावर ती जे बोलली ते घारूने माझ्या कानात ओरडून सांगितलं, आणि मी तसंच तुला कळवते. ती म्हणाली की परवानगी आहे ती फाट्यावरून गाडी वळवायची. पण फाट्यावर वळायला जागाच मिळेना, शोधत शोधत इथवर यावं लागलं, आणि पुढच्या बुधवारीही तिथे जागा मिळेल असं तिला वाटत नाही.

सौ.ला आशीर्वाद. रजा शिल्लक असेल तर पुढच्या बुधवारी टाक. लोभ वाढतो आहे, वाढू दे.

तुझी,
ताई